कबरींची साक्ष : कोलकात्याच्या जुन्या दफनभूमी

कोलकात्याला जाणारा मराठी प्रवासी कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, हावड्याचा पूल आणि व्हिक्टोरिया मेमोरियल एवढे हमखास पाहून येतो. संध्याकाळी पार्क स्ट्रीटवर जेवायलाही जातो. पण चौरंगीकडून निघालेला हा रस्ता पूर्वेच्या टोकापर्यंत चालत गेले, तर मल्लिक बाजारच्या चौकाअलीकडे उजव्या हाताला एक जुनी भिंत लागते आणि तिच्याआड कोलकात्याची सर्वांत बोलकी ऐतिहासिक जागा आहे, याची बहुतेकांना कल्पना नसते. ही साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी. आज उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध असलेल्या या रस्त्याला अठराव्या शतकात ‘बरियल ग्राउंड रोड’ म्हणत, कारण गावातून बाहेर पडून तो कबरस्तानालाच जात होता. भारतातली इंग्रजी सत्ता तिच्या उगवतीच्या काळात खरोखर कशी होती, हे जाणून घ्यायचे असेल तर व्हिक्टोरिया मेमोरियलपेक्षा या भिंतीआड जावे, असे माझे मत आहे. व्हिक्टोरिया मेमोरियल १९२१ साली खुले झाले. तोवर राजधानी दिल्लीला हलवण्याचा निर्णय होऊन दहा वर्षे झाली होती. साम्राज्याला स्वतःविषयी जे सांगायचे होते, ते त्या संगमरवरात आहे. जे सांगायचे नव्हते, तेही दफनभूमीत आपोआप नोंदले गेले आहे.

दफनभूमी सुरू झाली ऑगस्ट १७६७ मध्ये. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी मिळाली आणि मालाची खरेदी-विक्री करणारे लोक एका मोठ्या मुलखाचा महसूल गोळा करू लागले. विलायतेहून येणारी माणसे वाढली, तसे मरणारेही वाढले. जुन्या किल्ल्याजवळच्या, आज जिथे सेंट जॉन्स चर्च आहे त्या आवारातली जागा पुरेना. म्हणून गावाबाहेर नवी जमीन घेतली गेली. लंडन आणि पॅरिसमध्ये त्या काळी बहुतेक दफन चर्चच्या आवारातच होत होते. आरोग्याच्या कारणाने शहराबाहेर आखलेली पॅरिसची पेर लाशेझ दफनभूमी १८०४ साली सुरू झाली, लंडनची केन्सल ग्रीन १८३३ साली. एवढ्या एका बाबतीत कोलकाता त्या दोन्ही शहरांच्या पुढे होते.

कबरींच्या घडणीतही इतिहास आहे. तो वाचण्यासाठी आधी सुरतेकडे वळावे लागते. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्सेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला. सुरतेच्या इंग्रज दफनभूमीत त्याची आणि त्याच्या भावाची कबर आहे. ती घुमट, कमानी आणि मिनारांसारखे कोपरे असलेली, थेट मोगली मकबऱ्याच्या वळणाची आहे. मोगलांच्या परवान्यावर जगणाऱ्या व्यापाऱ्याला आपले मोठेपण दाखवायचे असेल तर ते मोगलांच्याच भाषेत दाखवणे भाग होते. शंभर वर्षांनी पार्क स्ट्रीटवर ही भाषा पार बदललेली दिसते. इथे ग्रीक खांबांचे मंडप आहेत, रोमन कलश आहेत, चौकोनी पायावर निमुळते होत गेलेले स्तंभ आहेत, इजिप्तच्या नमुन्याचे पिरॅमिड आहेत. बंगालच्या चिखलात उभे राहून ही माणसे स्वतःला रोमनांचे वारस समजू लागली होती. दरबारात अर्ज घेऊन उभा राहणारा इंग्रज मालक कसा झाला, हे सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. सुरत आणि कोलकाता इथल्या कबरी शेजारी शेजारी मांडल्या तर तेच एका दृष्टिक्षेपात समजते.

मात्र या रोमन वैभवाच्या जवळ जावे. अगदी हाताच्या अंतरावर गेले की कळते, हा दगड नव्हेच. गंगेच्या गाळाने बनलेल्या या प्रदेशात बांधकामाचा दगड जवळपास मिळत नाही. म्हणून पातळ विटा रचायच्या, त्यांवर चुन्याचा गिलावा चढवायचा आणि तो घोटून गुळगुळीत करायचा, म्हणजे लांबून संगमरवर वाटावा, अशी ही युक्ती. खांबांची गोलाई, कलशांच्या कडा, कोरीव वाटणाऱ्या पट्ट्या, सगळे गवंड्याच्या थापीतून आलेले आहे. अस्सल दगड असतो तो बहुधा नाव कोरलेल्या पाटीपुरता. दोनशे पावसाळ्यांनी या गिलाव्याचे पापुद्रे सुटले आहेत, आतल्या विटांच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत, सांध्यांत पिंपळाने मूळ धरले आहे. पिंपळाचे रोप आधी चुन्यात केसाएवढे मूळ सोडते. पुढे ते मूळ जाड होत जाते आणि विटांची अख्खी फळी बाजूला सारते. भिंतींवर शेवाळ, वर झाडांची दाट सावली आणि दोन्ही अंगांना इतके उंच स्तंभ की मधल्या वाटा गल्ल्यांसारख्या भासतात. लोक ज्याला इथले गूढ वातावरण म्हणतात, ते दमट हवा, चुना आणि वनस्पती यांनी मिळून घडवलेले आहे. त्यात भुताखेतांचा काही भाग नाही. दगडाचा खरा मान पाहायचा तर सेंट जॉन्सच्या आवारात कोलकात्यात इंग्रजांची वसाहत वसवणाऱ्या जॉब चार्नॉकची सतराव्या शतकाच्या अखेरची कबर पाहावी. तिच्यावरची शिळा मद्रासकडून आणलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यांनी त्या खडकाला ‘चार्नोकाइट’ हे नाव दिले, आणि जगभरच्या भूशास्त्रात आज तेच रूढ आहे.

वैभवाचा गिलावा असा उतरतो. पाट्यांवरची वये वाचली की सत्तेचाही उतरतो. तिबेटला गेलेला कंपनीचा पहिला दूत जॉर्ज बोगल १७८१ मध्ये गेला, तेव्हा चौतीस वर्षांचा होता. भागलपूरचा कलेक्टर ऑगस्टस क्लीव्हलंड १७८४ मध्ये गेला, वय एकोणतीस. कवी लँडॉरच्या एका छोट्या कवितेमुळे इंग्रजी साहित्यात कायमची राहिलेली रोझ एल्मर १८०० साली वारली, अवघी वीस वर्षांची. त्याखेरीज जागोजागी तान्ह्या मुलांच्या आणि बाळंतपणात गेलेल्या बायकांच्या पाट्या आहेत. पश्चिम किनाऱ्यावरही हेच चालले होते. माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, ही इंग्रजांमधली म्हण सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन या पाद्र्याने नोंदवली ती मुंबईविषयी. पटकी कशाने होते, हिवताप कसा पसरतो, हे यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे रॉबर्ट कॉखने पटकीच्या जंतूचा शोध १८८४ मध्ये पक्का केला तो याच शहरात, इथल्या रुग्णांच्या आणि तळ्यातल्या पाण्याच्या तपासणीतून. रोनाल्ड रॉसने हिवतापाचे डासांमार्फत होणारे संक्रमण १८९८ मध्ये इथेच सिद्ध केले. पार्क स्ट्रीटच्या पाट्यांवरचा प्रश्न आणि त्याचे उत्तर यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, पण गाव एकच.

या मृत्यूंनी राजकारणही फिरवले, आणि त्याची झळ थेट पुण्याला लागली. १७७४ मध्ये गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या जोडीला चार जणांचे कौन्सिल आले. त्यातले क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फ्रान्सिस हे तिघे हेस्टिंग्जच्या विरोधात होते आणि बहुमत त्यांचे होते. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह कोलकात्याने अमान्य केला, कर्नल अप्टनला पुण्यास धाडले, आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मॉन्सन वारला. ऑगस्ट १७७७ मध्ये क्लेव्हरिंगही गेला. दोघेही पार्क स्ट्रीटच्या मातीत आहेत. हेस्टिंग्जचे हात मोकळे झाले आणि १७७८ मध्ये त्याने बंगालची फौज पश्चिमेकडे रवाना केली. मराठ्यांशी पुन्हा पेटलेले युद्ध केवळ या दोन मृत्यूंमुळे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पुण्यातली भाऊबंदकी होती, फ्रेंचांची धास्ती होती, मुंबईकर इंग्रजांचा हट्ट होता. पण नाना फडणीसांना ज्या कौन्सिलशी सामना करावा लागला, त्याचा तोल बंगालच्या तापाने बदलला होता, हे नाकारता येत नाही. आणखी एक धागा असा, की मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खणायला घेतलेला ‘मराठा खंदक’ पुरा झालाच नाही. १७९९ मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड आखला गेला, आणि याच रस्त्याच्या बाजूला दफनभूमीचे पूर्वेचे टोक येते.

इथे एक आक्षेप येतोच, आणि तो वजनदार आहे. ज्यांनी देश लुटला त्यांच्या कबरी आपण का सांभाळाव्यात, आणि हौसेने पाहायला का जावे? दफनभूमी सुरू झाल्यावर तीनच वर्षांत, १७७० मध्ये बंगालमध्ये महादुष्काळ पडला. तिथली एक तृतीयांश माणसे त्यात मेली, असा अंदाज खुद्द हेस्टिंग्जने केला होता. त्या दुष्काळातही महसुलाची वसुली थांबली नाही. त्या लक्षावधी माणसांची एकही पाटी कुठे नाही. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच या पिरॅमिडांसमोर उभे राहणे आवश्यक आहे, असे मला वाटते. आदर दाखवायला तिथे जायचे नाही. पुरावा पाहायला जायचे आहे. एका तरुण कारकुनाच्या कबरीवर किती विटा, किती चुना, किती मजुरी खर्च झाली, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पैसा कुठून आला हा प्रश्न आपोआप उभा राहतो. कबरीवर कोण नाही, हेही तिथेच कळते. भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल कॉलिन मॅकेन्झी १८२१ मध्ये वारला. त्याने जमवलेल्या हस्तलिखितांच्या अफाट संग्रहात मराठी कागदपत्रेही आहेत. हा संग्रह कावली वेंकट बोरय्या, त्यांचे भाऊ लक्ष्मय्या आणि इतर भारतीय सहायकांवाचून होणे शक्यच नव्हते. १८१६ मध्ये थॉमस हिकीने काढलेल्या मॅकेन्झीच्या चित्रात त्याच्या मागे तीन भारतीय उभे आहेत. कबरीवर मात्र तो एकटा आहे. कबरी पाडून टाकल्या तर हे एकटेपण दाखवणार कशावरून?

शिवाय ‘गोरे तेवढे एका माळेचे मणी’ असे म्हणून चालत नाही, हेही इथेच दिसते. सर्वांत उंच स्तंभ विल्यम जोन्सचा आहे. १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापणारा, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे १७८६ मध्ये मांडणारा आणि ‘शाकुंतल’ इंग्रजीत नेणारा हा न्यायाधीश एप्रिल १७९४ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच साली, दोनच महिने आधी, महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीला निवर्तले होते. जोन्सच्या स्तंभाहून वेगळीच कबर मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टची. ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणून ओळखला जाणारा हा आयरिश माणूस गंगास्नान करायचा आणि युरोपीय स्त्रियांनी साडी नेसावी असे छापून सांगायचा. हिंदू धर्मावर तुटून पडणाऱ्या मिशनऱ्यांना त्याने १८०८ मध्ये पुस्तक लिहून उत्तर दिले. १८२८ मध्ये तो वारला. रोमन मंडपांच्या गर्दीत त्याची कबर शिखर असलेल्या छोट्या देवळासारखी आहे. पण त्यालाही निखळ मित्र समजू नये. त्याने जमवलेल्या मूर्तींचा मोठा भाग आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि त्या सगळ्या मूर्ती देवळांच्या राजीखुशीने आल्या होत्या असे मानायला आधार नाही. प्रेम आणि हव्यास एकाच माणसात कसे नांदतात, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडते. आणि हेन्री डिरोझिओ तर या मातीतलाच. मिश्र वंशाचा हा कवी-शिक्षक हिंदू कॉलेजात मुलांना ‘प्रत्येक गोष्ट तपासून पाहा’ असे शिकवी. १८३१ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पटकीने तो गेला. वय बावीस. बंगालच्या प्रबोधनाचा हा एक उगम आहे, आणि तो साम्राज्याच्या कबरस्तानात आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. कबरीवरचा मजकूर म्हणजे स्तुती. तिथे प्रत्येक नवरा प्रेमळ आणि प्रत्येक अधिकारी प्रामाणिक. अशा मजकुराला पुरावा कसा म्हणायचा? शिवाय हे मजकूर ‘बंगाल ऑबिच्युअरी’ या ग्रंथात १८४८ मध्येच छापले गेले आहेत, मग विटा कशाला जपायच्या? विशेषणांवर विश्वास ठेवू नये, हे मान्य. पण वय, तारीख, हुद्दा, जहाजाचे किंवा पलटणीचे नाव, एकामागोमाग गेलेल्या भावंडांची रांग, ही माहिती स्तुतीत सहसा वाकवली जात नाही. विशेषणेही निरुपयोगी नाहीत. कोणत्या गुणाची जाहिरात करावीशी वाटली, यावरून तो समाज ओळखता येतो. आणि छापील ग्रंथात नावे राहतात, पण कबरीची उंची राहत नाही, साहित्य राहत नाही, कोणाच्या शेजारी कोण हे राहत नाही, देवळासारखे शिखरही राहत नाही. चार्नॉकच्या शिळेचा मजकूर तेवढा उतरून घेऊन शिळा फेकून दिली असती, तर चार्नोकाइटला ते नाव मिळाले नसते.

पाहणारे नसले की काय होते, याचे उत्तर रस्त्याच्या पलीकडेच आहे. समोरच्या बाजूला नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमी होती. कादंबरीकार थॅकरे यांचे वडील तिथे पुरलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यात ती सपाट झाली आणि तिच्यावर इमारती आल्या. जवळची फ्रेंच दफनभूमीही अशीच गेली. जिवंत माणसांना शाळा-इस्पितळांसाठी जागा हवी, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेणार नाही. कोलकात्यासारख्या दाट वस्तीच्या शहरात तो खराच आहे. पण जागा लागली म्हणून सहसा कोणी जुनी न्यायालये किंवा क्लब पाडत नाही. ज्याला वाली नाही, तेच पाडले जाते. दक्षिणेकडची दफनभूमी वाचली, कारण १९७० च्या दशकापासून तिला वाली मिळत गेले. ब्रिटनमध्ये या कबरींसाठी संस्था निघाली, कोलकात्यातले लोक साफसफाईला आणि दुरुस्तीला पुढे आले. त्याच दशकात सत्यजित राय यांनी आपल्या फेलूदा या गुप्तहेराची ‘गोरोस्थाने सावधान’ ही रहस्यकथा इथेच घडवली, आणि कित्येक बंगाली मुलांना ही जागा त्या कथेतून ओळखीची झाली. वाचकांचे आणि पाहुण्यांचे कुतूहल हेच इथे संरक्षण ठरले.

साउथ पार्क स्ट्रीटपुरते थांबण्याचे कारण नाही. थोड्याच अंतरावरच्या लोअर सर्क्युलर रोड दफनभूमीत बंगाली कवी मायकेल मधुसूदन दत्त आहेत. १८७३ मध्ये त्यांची पत्नी हेन्रिएटा गेली आणि तीनच दिवसांनी ते गेले. त्यांच्या दफनावरून पाद्र्यांनी खळखळ केली. आज त्यांच्या कबरीवर त्यांनीच लिहून ठेवलेली बंगाली कविता आहे. ती वाटसरूला थांबायला सांगते. शाळा काढणाऱ्या नास्तिक डेव्हिड हेअरला तर १८४२ मध्ये ख्रिस्ती दफनभूमीत जागाच मिळाली नाही. त्याला कॉलेज स्क्वेअरमध्ये पुरले, आणि तिथे त्याच्या कबरीसमोर आजही विद्यार्थ्यांची वर्दळ असते. आर्मेनियन चर्चचे अंगण, नारकेलडांग्याची ज्यू दफनभूमी, टॉलिगंजकडे टिपू सुलतानाच्या वंशजांच्या कबरी, मटियाबुर्जला अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह, शहराबाहेर आछिपूरला पहिल्या चिनी वसाहतकाराची घोड्याच्या नालेसारखी लाल कबर. या शहरात कोण कोण कुठून आले, याची ही यादीच आहे.

राहिला आपल्या मनातला आक्षेप. मसणात काय पाहायचे, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पण आपली परंपरा मृतांच्या जागांकडे पाठ फिरवणारी मुळीच नाही. आळंदी ही समाधीच आहे. वानवडीच्या शिंदे छत्रीला आपण मुलांना घेऊन जातो. रायगडावरच्या शिवछत्रपतींच्या समाधीची एकोणिसाव्या शतकात अशी दुर्दशा झाली होती की १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रजाने छापून हळहळ व्यक्त केली, आणि त्यानंतर महाराष्ट्रात तिच्या जीर्णोद्धाराची चळवळ उभी राहिली. परक्याच्या नजरेने आपली समाधी आपल्याला दाखवली असेल, तर परक्यांच्या कबरी आपणही डोळसपणे पाहू शकतो. तिथे वागायचे कसे, हे मात्र सांगायलाच हवे. कबरींवर बसू नये, नावे खरडू नयेत, ज्या दफनभूमीत अजून दफन होते तिथे शोक करणाऱ्यांपासून दूर राहावे, आणि मजकूर उतरवून घेण्यासाठी पाटीवर खडू किंवा पाणी वापरू नये. फोटो काढून तो सावकाश वाचावा.

कोलकात्याला जाणे जमणार नसेल, तर मुंबईकरांनी शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीपासून सुरुवात करावी. व्ही. टी. आणि महापालिकेची इमारत उभारणारा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिथे आहे, गेटवे ऑफ इंडियाचा जॉर्ज विटेट तिथे आहे, आणि लोकमान्यांचे वकील-मित्र, होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले काका बॅप्टिस्टाही तिथेच आहेत. टिळकांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालणाऱ्यांनी एकदा काकांच्या कबरीचीही विचारपूस करावी.